‘रिओ’ आणि खाजण : मुंबईच्या जुन्या जलनकाशांचे एक वाचन

गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्हांला लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात जावे लागले. गिरणी म्हणतो ते सवयीने. तेथे आता काचेची उंच इमारत आहे, आणि जुन्या आवारातले एक धुराडे तेवढे शोभेसाठी राखलेले आहे. तळमजल्यावरील स्वागतकक्षाच्या भिंतीवर मुंबई बेटाचा एक जुना नकाशा मोठा करून सोनेरी चौकटीत लावलेला होता. कोपऱ्यात वेलबुट्टी, समुद्रात शिडे फुगवलेली गलबते आणि दिशा दाखविणारे सोळा पाकळ्यांचे फूल. तेथे ताटकळत बसलेली मंडळी फुलदाणीकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहत होती. आम्ही जवळ जाऊन परळ शोधले, वरळी शोधली, आणि मग त्या दोहोंमधली जागा शोधली. ज्या जागेवर ती भिंत, ती चौकट आणि आम्ही उभे होतो, ती जागा नकाशात फिक्या निळ्या रंगाने भरलेली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. दारावरच्या वयस्क रखवालदाराने आमचे बोट कोठे टेकले आहे ते पाहिले आणि तो हसून म्हणाला, “काका, तिथं पाणीच आहे. अजून आहे.”

नकाशांची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. कवितासंग्रहाची होते, नाटकाची होते, क्वचित प्रवचनाचीही होते. नकाशा मात्र एक तर बरोबर असतो किंवा जुना असतो, अशी आपली समजूत आहे. वास्तविक नकाशा हाही कोणी तरी, कोणासाठी तरी, काही हेतू मनात धरून लिहिलेला मजकूर असतो. त्यात काय आले आणि काय वगळले गेले, हे विचारता येते. अलीकडे आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांच्या मुखपृष्ठांवर पोर्तुगीज काळातील असे नकाशे छापण्याची हौस वाढली आहे. आत त्यांच्याविषयी बहुधा एक ओळही नसते. म्हणून हा प्रपंच.

शोधयुगातील नाविकांना आणि नकाशाकारांना नदीचे विलक्षण वेड होते, आणि त्या वेडाची मुळे पवित्र शास्त्रात होती. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेतून निघून चार फाटे फुटलेल्या नदीचा उल्लेख आहे. त्यांतला पहिला फाटा, पीशोन, म्हणजे हिंदुस्थानातील गंगा, असे योसेफस या यहुदी इतिहासकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आणि पुढच्या अनेक ख्रिस्ती भाष्यकारांनी ते स्वीकारले. त्यामुळे पूर्वेकडे निघालेल्या माणसाच्या मनात मोठी नदी म्हणजे नंदनवनाचा माग, असे समीकरण बसलेले होते. १४९८ मध्ये कोलंबसाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत भर समुद्रात गोडे पाणी लागले, तेव्हा एवढे पाणी वाहून आणणारी नदी पृथ्वीवरच्या नंदनवनातूनच येत असली पाहिजे, असा त्याने तर्क केला. ती ओरिनोको होती.

पोर्तुगीज खलाशी एवढे भाविक नव्हते, पण ‘रिओ’ म्हणजे नदी हा शब्द तेही सढळ हाताने वापरीत. जमिनीत शिरणारे, तारवाला आसरा देणारे कोणतेही पाणी त्यांच्या लेखी रिओ असे. १५०२ च्या जानेवारीत ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांना जे पाण्याचे मोठे तोंड दिसले, त्याला त्यांनी ‘जानेवारीची नदी’ म्हटले. रिओ दि जानेरो हे जगप्रसिद्ध नाव त्यातूनच आले, मात्र तेथे असलेला ग्वानाबारा हा उपसागर आहे. आपल्या कोकणपट्टीवरही तेच झाले. चौल, दाभोळ, वसई येथील ज्या पाण्याला आपण खाडी म्हणतो, ते त्यांच्या कागदांवर रिओ होऊन बसले.

या सर्व नकाशाकारांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो दों जोआंव द कास्त्रो. १५०० मध्ये जन्मलेला हा उमराव पेद्रो नुनेश या थोर गणितज्ञाच्या सहवासात तयार झाला होता. नोव्हेंबर १५३८ मध्ये व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या यांचे आरमार गोव्याहून दीवकडे निघाले, त्यात कास्त्रो होता. वाटेतील प्रत्येक बंदर, प्रत्येक खडक, पाण्याची खोली, भरती-ओहोटीच्या वेळा यांची टिपणे त्याने ठेवली आणि सोबत चित्रे काढविली. या टिपणवहीला ‘रोतेइरो’ म्हणतात. ती छापली गेली ती थेट १८४३ मध्ये, पोर्तो शहरात. तिच्यासोबतच्या चित्रांचा एक संच कोइंब्रा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेला आहे, आणि १९६० मध्ये कोर्तेझांव व तैशैरा द मोता या विद्वानांनी पोर्तुगीज नकाशांचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, त्यामुळे ही सारी परंपरा अभ्यासकांच्या आवाक्यात आली.

कास्त्रोची ही चित्रे पाहताना प्रथम एक गोंधळ होतो. पाणी वरून पाहिल्यासारखे पसरलेले असते. पक्षी पाहील तसे. डोंगर मात्र समोरून पाहिल्यासारखे उभे असतात. एकाच कागदावर दोन नजरा. आजच्या भूमितीच्या विद्यार्थ्याला हा दोष वाटेल, पण नाखव्याच्या दृष्टीने विचार केला की त्यातले शहाणपण ध्यानात येते. पाण्यात वाट कोठे आहे हे त्याला मनातल्या मनात वरून पाहावे लागते. डोंगर मात्र तो डेकवर उभा राहून, डोळ्यांनी, समोरच पाहतो आणि त्याच्या खुणेवर सुकाणू वळवितो. म्हणजे हे चित्र वाचणाऱ्यासाठी नसून वापरणाऱ्यासाठी आहे. घरे, माड, माणसे यांचे त्यात स्थान खुणेपुरते. झाड जर आत शिरण्याची दिशा दाखवीत असेल तर ते चित्रात येते, नाहीतर नाही.

आणि तरीही कास्त्रो निव्वळ वाट शोधणारा माणूस नव्हता. मुंबईच्या पाण्यातून जाताना त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि त्यांचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले. वसईला तर त्याच्या हातून एक फार मोठी गोष्ट घडली. २२ डिसेंबर १५३८ रोजी, नाताळच्या तोंडावर, वसईजवळ निरीक्षणे घेत असता त्याच्या होकायंत्राची सूची भलतीच दिशा दाखवू लागली. दुसरा कोणी असता तर त्याने यंत्राला दोष दिला असता किंवा भुताटकी म्हणून सोडून दिले असते. कास्त्रोने हा परिणाम जवळच्या खडकांचा असावा, असे अनुमान काढले. आपल्या वसईच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त चुंबकी खनिज असते हे आज शाळेतील मुलेही वाचतात. त्या काळी ही गोष्ट लिहून ठेवणारा तो बहुधा पहिलाच. वसईच्या वाचकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे: ज्या दगडांनी त्यांची चर्चे आणि किल्ला उभा राहिला, त्या दगडाने आधी परकीयांच्या होकायंत्राला चकविले होते.

हाच कास्त्रो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर व शेवटी व्हाइसरॉय झाला. दीवचा वेढा उठविल्यावर किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी पैसे हवेत म्हणून त्याने गोव्याच्या नागरिकांकडे आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठविले, ही कथा शाळकरी पोर्तुगीज मुलांना पाठ असते. जून १५४८ मध्ये गोव्यात तो वारला, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर त्याच्यापाशी होते असे परंपरा सांगते. पण आपल्यापुरते पाहायचे तर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तारवाचा तळ जेथे टेकतो तेथे कास्त्रोची लेखणी थांबते. त्यापुढे चिखल आहे, तिवरे आहेत, कोळ्यांच्या डोलांचे खुंट आहेत, मिठाची आगरे आहेत. त्यांतले काहीही त्याला नको आहे.

वसईच्या पाण्याला पोर्तुगीजांनी नदी म्हटले यात चूक काढता येणार नाही. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली आपली उल्हास नदी कल्याणवरून येते आणि वसईच्या खाडीतूनच समुद्राला मिळते. तिचाच एक फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. त्या अर्थाने साष्टी हे नदीच्या मिठीतले बेट म्हणता येईल, आणि किल्ल्यावरून त्या मुखाकडे पाहणाऱ्याला हे पाणी महानदीसारखेच भासते. घोटाळा होतो तो त्याच्या दक्षिणेला, मुंबईच्या सात बेटांपाशी. तेथे नदी नव्हती, आणि धड समुद्रही नव्हता. दिवसातून दोनदा पाणी येई आणि दोनदा जाई. या पाण्याला काय म्हणावे, हे सागरावरून आलेल्या कोणत्याही भाषेला नीट सांगता येईना.

या प्रश्नाचे राजकारण कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यापूर्वी एका ग्रंथाचा ओझरता उल्लेख करतो. १६३५ मध्ये गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख अंतोनियो बोकार्रो याने पोर्तुगीज पूर्वेतील सर्व किल्ल्यांचे वर्णन राजासाठी लिहिले आणि पेद्रो बार्रेतो द रेसेंद याची रंगीत चित्रे त्याला जोडली गेली. स्मरणिकांवर सर्वाधिक छापली जातात ती हीच चित्रे. दिसायला ती मोहक आहेत यात शंका नाही. आमचे मत मात्र फारसे अनुकूल नाही. तटबंदी अवास्तव मोठी, गावे एकसारखी, गलबते जणू ठशाने उमटविलेली. प्रत्येक ठिकाणी जाऊन काढलेले हे काम आहे असे वाटत नाही. मजकुरात आपल्या पूर्वजांची, म्हणजे देशी ख्रिस्ती घरवाल्यांची, मोजणी येते. पण ती त्यांतले किती जण बंदूक धरू शकतील, या हिशेबाने. ज्यांना आपल्या कुळाचा इतिहास या पानांत शोधायचा असेल त्यांनी हे आधी समजून घ्यावे.

२३ जून १६६१ च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रागांझा हिच्या विवाहात मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास देण्याचे ठरले. इंग्लंडच्या दरबारात या बेटाविषयी ज्ञान किती होते? त्यांचा लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडन याची समजूत अशी होती की, मुंबई ब्राझीलच्या अगदी जवळ आहे. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी आरमार ताबा घेण्यासाठी येऊन थडकले, आणि वाद सुरू झाला. इंग्रज म्हणत, आम्हांला दाखविलेल्या नकाशाप्रमाणे साष्टी आणि ठाणेदेखील यात येते. पोर्तुगीज म्हणत, मुंबई म्हणजे फक्त मुंबई. या घोळात इंग्रज सरदार अब्राहम शिपमन व त्याची माणसे अंजदीव बेटावर अडकून पडली. शिपमन तेथेच १६६४ मध्ये मरण पावला, त्याची बहुतेक फौज रोगराईने गेली, आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक याने अखेर मुंबई ताब्यात घेतली. एका नकाशाच्या दोन अर्थांपायी शेकडो माणसे मेली.

पुढचा भाग आम्हांला अधिक बोलका वाटतो. कुकने लगेच माहीमवरही हक्क सांगितला. त्याचा युक्तिवाद असा की, ओहोटीच्या वेळी मुंबईतून माहीमला पायी जाता येते, सबब ते एकच बेट. पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो (आपल्या कास्त्रोहून वेगळा) याने आपल्या राजाला कळवळून लिहिले की, हे तर्कट मान्य केले तर सर्वनाश होईल. कारण ओहोटीत मुंबईतून साष्टीत जाता येते, साष्टीतून पुढच्या बेटावर, आणि असे करीत सगळा उत्तर प्रांत इंग्रजांच्या घशात जाईल. दोन युरोपीय राज्ये भांडत होती ती एका साध्या गोष्टीवरून: भरती खरी धरायची की ओहोटी? नकाशा शाईने काढावा लागतो, आणि शाई एकाच वेळची असते.

आपल्याकडे मात्र या अवस्थेला शब्द होता, आणि तो कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी अशा सगळ्यांच्या तोंडी होता: खाजण. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडे. बांध घातला तर खाऱ्या भाताचे शेत, उघाडी मोडली तर पुन्हा समुद्र. गोव्यातही हीच संज्ञा आहे आणि तेथील गावकरी संस्था खाजणांचे बांध पिढ्यान्‌पिढ्या राखीत आल्या. जमीन आणि पाणी यांच्यामध्ये तिसरी एक जात मानणारी ही भाषा नकाशाच्या भाषेहून अधिक अचूक आहे, असे आमचे मत आहे. नकाशाच्या रंगपेटीत दोनच रंग होते. जो तो आपल्या सोयीने खाजणाला कधी निळ्यात घाली, कधी हिरव्यात.

लोअर परळचा संबंध येथे येतो. १६७३ च्या अखेरीस जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मुंबईत आला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला; त्यात मुंबईचा नकाशा आहे, पण त्याचे शब्दचित्र त्या नकाशापेक्षा सरस आहे. माझगावच्या कोळ्यांचे बोंबील त्याने चाखलेले दिसतात. परळला येशुसंघीयांचे चर्च व जमीनजुमला असल्याचे तो सांगतो. आणि मग तो परळ, माहीम, शीव आणि मुंबई यांच्या मधोमध असलेल्या एका खोलगट भागाचे वर्णन करतो: तीन ठिकाणी फुटलेल्या वाटांनी समुद्र आत येतो आणि चाळीस हजार एकर चांगली जमीन बुडवितो, असे तो म्हणतो. आजचा लोअर परळ त्याच खोलगटाच्या पोटात आहे.

आता हा आकडा तपासू. भर घालघालून फुगलेले आजचे मुंबई शहराचे बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सतरा हजार एकरांच्या आतच आहे. फ्रायरने त्याच्या पोटात चाळीस हजार एकर पाणी कसे मावविले? तो खोटे बोलत होता असे आम्हांला वाटत नाही. डोंगरावर उभे राहून उधाणाच्या दिवशी त्याने खाली पाहिले असेल, आणि जिकडे तिकडे पाणीच दिसले असेल. भरतीच्या वेळी पाहणाऱ्याचा तो आकडा आहे. कुक ओहोटीला चालत गेला होता, फ्रायरने भरती पाहिली. दोघांची साक्ष एकाच जागेविषयी आहे.

त्याच वाक्याच्या शेपटाला फ्रायरने एक गोष्ट अडकविली आहे, आणि ती वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. परळपासून माहीमपर्यंत त्या बुडीत जमिनीतून जाणाऱ्या एका दगडी बांधाचे भग्नावशेष तेथे आहेत आणि तो बांध प्रायश्चित्तांतून उभारलेला आहे, असे तो सांगतो. फ्रायर प्रॉटेस्टंट, त्याच्या शब्दात किंचित उपहासही असेल. पण एवढे एक वाक्य सोडले तर या बांधाविषयी तो अधिक काही बोलत नाही. प्रायश्चित्त म्हणून लोकांनी दगड वाहिले की दंडाची रक्कम भरली, आणि त्या पैशातून गवंडी लावले? कोणाची पापे, कोणाचे दगड? बांध कोणत्या फादरांच्या काळात घातला गेला? ज्या धर्मग्रामातील माणूस कुमसाराला बसला आणि उठल्यावर ज्याला ‘तीन आमच्या बापा’ ऐवजी ‘तीन पाट्या दगड’ असे सांगितले गेले, त्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. १५३४ च्या सुमारास माहीमचे संत मायकलचे मंदिर आणि १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांनी दादरला स्थापिलेले साल्वासांवचे चर्च या टापूत होते, परळला येशुसंघीय. या तिन्हींमध्ये पावसाळ्यात ये-जा करायची तर चिखल आणि भरती यांच्याशी गाठ होती. एखादा आजारी पडला तर धर्मगुरूला पलीकडून आणणे म्हणजे भरतीचे वेळापत्रक पाहणे. हा बांध कोणा व्हाइसरॉयच्या हुकुमाने झाला असे फ्रायर म्हणत नाही. पायी जाणाऱ्यांनी, आपल्याच सोयीसाठी, आपल्याच पापांच्या भारातून तो घातला असे मानायला जागा आहे. आणि खरोखरच तसे असेल तर मुंबईच्या भूगोलात सामान्य ख्रिस्ती माणसाने ओढलेली ती पहिली रेघ ठरेल.

या रेघेचे वाटोळे कसे झाले, हेही थोडक्यात पाहू. १६८९-९० मध्ये सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, त्या वेळी येशुसंघीयांनी त्याला मदत केल्याचा आळ इंग्रजांनी घेतला आणि १७२० च्या सुमारास त्यांची परळची जागा जप्त केली. ती वास्तू पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाली, आणि १८९९ मध्ये तेथे प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधले खिंडार गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, बांध घालून बुजविण्यात आले. त्या बांधाला ‘वेलार्ड’ म्हणत. शब्द मात्र पोर्तुगीज, ‘वालादो’चा अपभ्रंश. पाणी आत येणे थांबले तशी खाजणे लागवडीला दिली गेली आणि त्यांच्या साऱ्याला ‘फोरास’ म्हणत, हाही पोर्तुगीज शब्दच. कामाठीपुऱ्याजवळच्या फोरास रोडच्या बदनामीत ज्यांना त्या नावाचा अर्थ कधी कळला नाही, त्यांना सांगायला हवे की तो शेतसाऱ्याचा शब्द आहे. १८१२ ते १८१६ या काळात कॅप्टन थॉमस डिकिन्सन याने बेटाची मोजणी केली. खोली मोजणारी लेखणी आता हद्द मोजू लागली. सखल ‘फ्लॅट्स’ मातीने व शहराच्या केरकचऱ्याने भरत गेले, त्यांवर रेल्वे आली, आणि गिरण्या आल्या.

आमच्या लहानपणी डिलाईल रोडच्या चाळीत तळमजल्यावर राहणारी माणसे जुलैत ट्रंका खाटेवर ठेवून झोपत. शेजारची एक आजी पाऊस लागला की घड्याळाकडे न पाहता विचारी, “अरे, भरती कधीची?” ती रत्नागिरीकडची होती, तिने मुंबईचा नकाशा कधी पाहिला नसेल. गिरणीतील साहेब, फिटर, जॉबर, बदली कामगार, आपल्या धर्मग्रामातील मंगळुरी आणि गोंयकार कारकून, सगळे गुडघाभर पाण्यातून पाळीला जात. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. पुढे १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी देण्याचे ठरविले. २००१ मध्ये नियम बदलला आणि तो वाटा केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. पाणी मुरायला जी थोडी माती शिल्लक होती तीही काँक्रीटखाली गेली. आता भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल आणि मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर महापालिका नागरिकांना सावध करते. वरळीला लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे उभारावी लागली आहेत. त्या आजीचा प्रश्न सरकारी झाला आहे.

शब्दांच्या गफलतीत पोर्तुगीजच तेवढे दोषी आहेत असे कोणी समजू नये. त्यांनी खाडीला नदी म्हटले. आम्ही मुंबईकरांनी नदीला नाला म्हटले. विहार आणि पवई येथून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, कळले. त्याआधी आमच्या तोंडी तो नालाच होता. हे लिहिणारेही त्याला अपवाद नाहीत.

तेव्हा त्या सोनेरी चौकटीतील नकाशाविषयी आमची तक्रार अशी आहे की, तो टांगणाऱ्यांनी वाचलेला नाही. तसाच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापणाऱ्यांनीही नाही. गेर्सन द कुन्हा या गोव्याच्या डॉक्टरने १८७६ मध्ये चौल-वसईवर आणि १९०० मध्ये मुंबईच्या उगमावर जे ग्रंथ लिहिले, त्यांत पोर्तुगीज कागद वाचण्याची वाट घालून दिली होती. त्याचा ओढा नावे आणि मालकी यांकडे अधिक होता, भरतीकडे कमी. पण त्याने वाचले तरी. सव्वाशे वर्षांनंतर त्याच कागदांची आपण भिंतपत्रे करतो, ही पुढची पायरी खचितच नव्हे.

जाता जाता एक विनंती. ज्या घरांत जुन्या फोरासच्या पावत्या, वाडीची खतपत्रे, बांधावरून झालेल्या तंट्यांचे कागद असतील, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करण्यापूर्वी एक प्रत काढून ठेवावी. आमच्याकडे असा एकच कागद आहे. आजोबांच्या हिशेबाच्या वहीतून निघालेला, पेन्सिलीने काढलेला, एका वाडीचा आराखडा. त्याला प्रमाण नाही, तारीख नाही, उत्तर दिशा नाही. नकाशा म्हणून त्याची किंमत शून्य. त्यात तीन पट्टे आखून वरच्यात ‘सुकी’, मधल्यात ‘खार’ आणि खालच्यात ‘पाणी’ असे लिहिले आहे, आणि मधल्या पट्ट्यातून एक वाकडी रेघ गेली आहे, तिच्यावर ‘उघाडी’. ती वाडी माहीमची की वरळीची, हे घरात आता कोणालाच सांगता येत नाही.